चार बोटांची फट

मांडणीवरची ताटं आपोआप वाजली तेव्हा मला आधी उंदीरच वाटला. सकाळचे सव्वानऊ, तोंडात ब्रश, आणि मी मोरीपाशी उभा राहून जोरात "हाड्!" केलं. उंदराला कुणी हाड् करत नाही हे मलाही कळतं, पण घरात एकट्या माणसाला हसायला असतं कोण? मग पायाखालची फरशी एकदा डावीकडे गेली, परत आली, आणि गॅसवरच्या चहाला या काठापासून त्या काठापर्यंत लाट आली. संपलं. मोजून चार सेकंद, पाच म्हणा. बदलापूर-कुळगावातली आमची अख्खी बिल्डिंग खाली जमली, कुणी टॉवेलवर, कुणी हातात लाटणं घेऊन. "भूकंप, भूकंप!" "नाय रे, खाणीत सुरुंग लावला असेल." दहा मिनिटांत मोबाइलवर आलंच: तीन पॉइंट काहीतरी, नुकसान नाही, घाबरू नका. लोक हसायला लागले. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "चला, आता बदलापूरची पण गणती मोठ्या शहरांत." मीही हसलो असेन. पण बिल्डिंगचं मला काही पडलेलं नव्हतं. मला पूल आठवला होता. सात ठिकाणी मी जाणूनबुजून बुजवून ठेवलेला पूल, आणि त्यावरून या वेळेला शाळेच्या व्हॅन जात असतात.

मी गुरुदत्त. उल्हासनगरचे हरेशशेठ रस्त्यांच्या आणि पुलांच्या देखभालीचे ठेके घेतात, त्यांच्याकडे सतरा वर्षं सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे काय, तर खड्डा कुठे आहे ते ज्याला माहीत असतं आणि तो का आहे हे विचारू नये, हेही माहीत असतं. उल्हास नदीवरचा हा पूल तसा काही मोठा नाही. खांबाखांबांवर टेकवलेले सहा स्लॅब, आणि दोन्ही टोकं धरून सात सांधे. सांधा म्हणजे फट. दोन स्लॅबमध्ये चार बोटं जागा मुद्दाम सोडलेली असते, वरून रबराची पट्टी. लोकांना वाटतं ठेकेदाराने काम अर्धवट टाकलं. तीन वर्षांपूर्वी स्वप्नाली मॅडम आल्या, पुलांची तपासणी करणाऱ्या इंजिनीअर, वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी त्या फटींच्या आत, खालच्या अंगाला, रबराचे ठोकळे बसवून घेतले, पावाच्या लादीएवढे, काळे. बसवले मीच. मला तेव्हा हसू आलं होतं, पुलाला कसली गादी घालताय म्हटलं. त्यांनी टपरीवर सुदामला आणि मला खांद्याला खांदा लावून उभं केलं. सुदाम आमचा मशीनवाला, ठाकूरवाडीचा, माझ्या खांद्यालाही लागत नाही. "आता दोघं डुला," म्हणाल्या, "पण आपापल्या चालीने." मी सावकाश डुललो, सुदाम भराभर, आणि तिसऱ्याच फेरीला त्याचं डोकं माझ्या दंडावर आपटलं, चहा सांडला. "मधले खांब उंच आहेत, कडेचे बुटके," मॅडम म्हणाल्या. "भूकंपात सगळे एका तालात हलत नाहीत, दादा. शेजारचे दोन स्लॅब एकमेकांवर आपटतात. फट मोकळी हवी, आणि फटीत रबर हवं, म्हणजे मार रबर खाईल. नाहीतर कडा फुटतात, स्लॅब बैठकीवरून सरकतो, आणि मग नदीच." तेव्हा मला हे कळलं होतं. चांगलं कळलं होतं. खरा घोळ तिथेच आहे. न कळता केलं असतं तर कपाळावर हात मारून मोकळा झालो असतो.

स्कूटर काढली. चहा तसाच राहिला, गॅस बंद केला की नाही हेही आठवेना, परत वर जाऊन बघून आलो. रस्त्याने जो तो भूकंपाचंच बोलत होता, भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगत होती की आपली टोपली कशी हलली. मला मात्र मीनाचं मनगट आठवत होतं. माझं मनगट, आणि त्यावर तिची बोटं. माझी बायको मीना गेल्या दसऱ्याला दोन दिवस असताना गेली. आजार आधी छातीत होता, मग मणक्यात उतरला. आम्हाला मूलबाळ नाही, आणि मी सकाळी जो बाहेर पडतो तो दिवेलागणीला उगवतो, म्हणून ती माहेरी राहायला गेली, नदीपलीकडे, आईकडे. माझी सासू गोदूबाई सत्तरीची, पण पोरीला कडेवर घेईल अशी काटक. आठवड्यातून दोनदा मीनाला उल्हासनगरला इंजेक्शनला न्यायचं, गावातल्याच रिक्षाने. त्या दोन दिवशी मी काहीही झालं तरी पहाटे पलीकडे जाऊन हजर राहायचो. आधी पूल, मग बदलापूर, मग अंबरनाथ. शिवमंदिराचा फाटा आला की ती झोपल्याझोपल्या हात जोडायची, आणि मी म्हणायचो, "अगं, त्याला इथून दिसतंय का?" ती म्हणायची, "त्याला नसेल दिसत, मला दिसतंय ना." अशी होती. त्या मंदिरात लग्नानंतर आम्ही एकदाच गेलो होतो, आणि तिथेसुद्धा मी दगडांच्या फटी बघत बसलो म्हणून ती रुसली होती. 

रस्त्यातल्या खड्ड्यांचं मला तेवढं वाटायचं नाही. खड्डा चुकवता येतो. रिक्षावाला मुलगा चांगला होता, साप वळावा तशी रिक्षा वळवायचा. पण सांधा चुकवता येत नाही. तो या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत असतो. कितीही हळू घ्या, आधी पुढचं चाक आपटणार, मग मागची दोन. ती ओरडायची नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान रिक्षावाल्यावर तरी खेकसलो असतो. ती नुसतं माझं मनगट धरायची आणि तिच्या ओठांवरचा रंग जायचा. मी हळूहळू शिकलो. तिची मान माझ्या तळव्यावर घ्यायची, गुडघ्यांखाली उशी, आणि सांधा यायच्या जरा आधी सांगायचं, "आता." सांगितलं की ती श्वास धरायची. सात वेळा आता. येताना परत सात वेळा. माझं उभं आयुष्य या पुलावर गेलं, पट्ट्या घासल्या, फटींतली माती काढली, आणि मला कधी कळलं नव्हतं की चार बोटं जागा माणसाच्या अंगातून अशी आरपार जाते. एकदा पाचव्या सांध्यानंतर ती डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, तुम्ही पुलाचेच ना? मग एवढं बुजवता येत नाही तुम्हाला?" चेष्टेनेच म्हणाली. तिला कशाचीही चेष्टा करता यायची, माझीही, तिच्या गळलेल्या केसांचीही. पण मला ते लागलं. रात्रंदिवस लोकांच्या गाड्यांसाठी खपणारा मी, आणि माझ्या बायकोला या पुलाचा काय उपयोग?

गणपतीच्या आधी तिसऱ्या सांध्याची पट्टी फाटली. नवीन पट्ट्या यायला दोन महिने लागणार होते. तेवढ्यापुरतं काहीतरी करा, असं वरून आलं. आमच्या धंद्यात 'तेवढ्यापुरतं' केलेलं जेवढं टिकतं तेवढं दुसरं काही टिकत नाही. मी सुदामला म्हटलं, सातही भरून टाक. तो माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, एकच फाटलाय ना?" "सांगतोय ते कर." "आन् आतलं रबर?" "त्यावर गोणपाट कोंब आणि वरून काँक्रीट. काठोकाठ." सुदामने काँक्रीट ओतताना माझ्याकडे पाठ केली होती. डोकं आपटून घेऊन तोही ते शिकला होता की. चार दिवस निम्मा रस्ता बंद ठेवून काम केलं, वर डांबर, वर रोलर. सतरा वर्षांत एवढं सफाईदार काम मी केलं नसेल. सांधा कुठे होता हे बोट ठेवून सांगता आलं नसतं.

आणि मग तो गुरुवार. मीनाची मान माझ्या तळव्यावर, रिक्षा पुलावर चढली, मी एकदाही "आता" म्हटलं नाही. खाली नदी गढूळ, भरलेली. रिक्षा पुलावरून उतरली, पुढची चढण लागली, आणि ती म्हणाली, "आज पूल लागला नाही का?" मी म्हटलं, "लागला. मागे गेला." तिने डोळे उघडले. मागच्या फाटक्या पडद्यातून बघायला तिला मान वळवता येईना, म्हणून तिने माझ्याकडेच पाहिलं. "काय केलंत?" "काय नाय. थोडं काम होतं." ती हसली. अहो, काय सांगू, लग्नात मी तिला चार मणी धड घातले नव्हते, फ्लॅट घेतला तो भाड्याचा, फिरायला नेलं ते बारवीच्या धरणावर आणि तिथेही साइटचा फोन आला. आयुष्यात तिला मी दिलेलं असं एकच काहीतरी, जे फक्त मीच देऊ शकत होतो. त्या दिवशी उल्हासनगर येईपर्यंत तिने माझं मनगट धरलं नाही, हात धरला. या दोन्हीत काय फरक असतो ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. मी सुखी होतो. लाज वाटते सांगायला, पण त्या सव्वा तासात मी या जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो.

गावाला वाटलं मी गावासाठीच केलं. पुलावरचे धक्के बंद झाले म्हणून गणेश मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि माइकवर एकाने भाषण ठोकलं की असे कर्तव्यदक्ष लोक आहेत म्हणून देश चाललाय. मीनाला पाठीला उशी लावून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. ती टाळ्या वाजवत होती, हळूहळू, आवाज न येणाऱ्या. गोदूबाई बायकांना सांगत सुटली, "माझे जावयानी केला, माझे पोरीसाठी केला." मला खाली मान घालून उभं राहावं लागलं आणि सगळ्यांना वाटलं माझा स्वभावच तसा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. पुढे महिनाभर ती त्या गुळगुळीत पुलावरून गेली आली. नंतर दुखायला पुलाची गरज राहिली नाही. सपाट रस्त्यावर दुखायचं, गादीवर दुखायचं, माझा हात लागला तरी दुखायचं. मग ती गेली. नवीन पट्ट्या दिवाळीत आल्या, हरेशशेठच्या गोदामात ठेवल्या. शेठ म्हणाले, "गुरु, बसवून घे जेव्हा जमेल तेव्हा." मी म्हटलं, बघतो. नाताळ गेला, संक्रांत गेली, शिमगा गेला. भूकंप झाला तो एप्रिलचा दुसरा आठवडा. दर सोमवारी मी त्या पुलावरून गेलोय, आणि दर सोमवारी स्कूटर ज्या ठिकाणी आपटायला हवी तिथे आपटली नाही की मला वाटायचं, आहे, अजून आहे. काय आहे ते विचारू नका.

पुलावर पोचलो तर वाहतूक नेहमीसारखी. शाळेची एक पिवळी व्हॅन गेली, आत मुलं एकमेकांना ढकलून भूकंप-भूकंप खेळत होती. मी पहिला सांधा पाहिला, दुसरा पाहिला. डांबरावर केसाएवढी चीर. तिसऱ्याजवळ स्कूटर लावली आणि उकिडवा बसलो. डांबर उकललं होतं, आणि त्याखाली स्लॅबची कड ताटाएवढी फुटून वर आली होती. आतली सळई उघडी. कठड्यावरून वाकून खांबाचं डोकं बघितलं, त्यावर ताजी पांढरी भुकटी. आपटले होते. दोन स्लॅब एकमेकांवर आपटले होते, आणि ज्याने मार खायचा ते रबर माझ्या काँक्रीटखाली गोणपाट पांघरून स्वस्थ पडलं होतं. तीन पॉइंट काहीतरीला एवढं. त्यात ऊन, उन्हात स्लॅब फुगतात, त्यांना आधीच हलायला जागा नव्हती. उद्या पाच पॉइंट आला तर? सगळे भूकंप असे सव्वानऊला येऊन ताटं वाजवून जातील असं कुणी लिहून दिलंय? माझ्या डिकीत थापी होती. अर्धी पाटी सिमेंट, वर डांबराचा गोळा, दहा मिनिटांत कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी थापी काढलीसुद्धा. ती हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे, एक टेम्पोवाला म्हणाला, "काय काका, पूल मोजताय का?"

हरेशशेठना फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. शेठ म्हणाले, "गुरु, सुन मेरी बात. आत्ता थोडा माल मारून टाक. मग आपण आरामात दोन-दोन करून उघडू. कोणाला बोलायची गरजच काय?" मी म्हटलं, "शेठ, तोपर्यंत गाड्या जाणार ना." "अरे साईं, मी माझ्यासाठी नाय बोलत. नाव तुझं येणार. सतरा साल. बाई गेली तेव्हापासून तू माणसात नाहीस, मला दिसतं ना." त्यांचा आवाज भरून आला होता, खोटं कशाला सांगू. मीनाच्या दहाव्याला आमच्याआधी घाटावर येऊन उभा राहिलेला माणूस तो. मला त्यांचं ऐकायचं होतं. ऐकलं असतं तर कड झाकली गेली असती, आणि तो गुरुवारही शाबूत राहिला असता. मी फोन ठेवला आणि स्वप्नाली मॅडमना लावला. एवढंच म्हटलं, "मॅडम, पूल बंद करा. जड गाड्या तरी बंद करा. या तुम्ही."

मॅडम दोन तासांत आल्या, पोलीसही आले, बसेस आणि डंपर थांबवले, रिक्षा-स्कूटर तेवढ्या एकेक सोडायच्या ठरल्या. मॅडम उन्हात पोटावर आडव्या होऊन चिरेत बॅटरी मारून बघत होत्या. उठल्या तेव्हा कपाळाला डांबर लागलं होतं. "हे कुणी भरलं?" "मी." "कुणी सांगितलं?" "कुणी नाही. तिसऱ्याचं तेवढं सांगितलं होतं. बाकी माझं." "दादा, तुम्हाला तर मी..." आणि थांबल्या. टपरी आठवली असणार. मी म्हटलं, "बायको आजारी होती. सांध्यांवर दुखायचं तिला." त्यांनी हातातली बॅटरी बंद केली, परत चालू केली, परत बंद केली. "आता कशा आहेत?" "नाही आता. ऑक्टोबरात गेली." "मग ऑक्टोबरनंतर का नाही उघडलं?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता. या प्रश्नाचं उत्तर मी सहा महिने शोधत होतो आणि तिथे, पोलिसासमोर, मला ते एकदम सापडलं, आणि सांगण्यासारखं नव्हतं. उघडलं असतं तर मीना गेली हे मलाच माझ्या हाताने करावं लागलं असतं. मी म्हटलं, "जमलं नाही." मॅडम म्हणाल्या, "अहवालात तुमचं नाव घालावं लागेल मला." "घाला." "उद्यापासून फोडायला घेऊ. तुम्हीच उभे राहा, कुठे किती खोल भरलंय ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्यानंतर मात्र..." परत या पुलावर कुणी उभं करणार नाही, एवढं मला कळलं.

फोडायच्या आधी गोदूबाईला सांगायला हवं होतं. मी चालतच पलीकडे गेलो. ती अंगणात सुकट पाखडत होती. भिंतीवर मीनाचा फोटो, आणि त्याच्याच खिळ्याला माझ्या सत्काराची ती शाल, प्लॅस्टिकच्या पिशवीतच. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. पूल मी कसा बुजवला, सकाळी काय झालं, उद्या काय करायचं. ती पाखडतच राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आन् तुना कनी धरला त?" कुणी धरलं तर, म्हणजे पोलिसांनी. मी म्हटलं, "धरू दे. पण आई, ते मीनासाठी केलेलं. ते फोडायचं म्हणजे..." सासूसमोर मी रडलो नव्हतो, मीनाच्या मयतालाही नाही, बायका काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी रडलो, चांगला हमसून. गोदूबाईने सूप खाली ठेवलं. "फोर, बाबा," ती म्हणाली. फोड. "ती आता कवा जायची त्यावरशी? दुसऱ्यांच्या पोरी जातान." एवढं बोलून तिने सूप परत उचललं, पण पाखडलं नाही, नुसतं मांडीवर घेऊन बसली. मी उठेपर्यंत ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदामने तिसऱ्या सांध्यावर मशीन लावलं. आधी मी इशाऱ्यासाठी वर केलेला हात खाली घेईना, तो माझ्याकडे बघत थांबून राहिला. मग घेतला. काँक्रीट चांगलं होतं, लवकर फुटेना, माझंच काम आणि मलाच शिव्या द्याव्या लागल्या. अकराच्या सुमाराला खालचं गोणपाट दिसलं, कुजून काळं झालेलं. सुदामने आकड्याने ते ओढून काढलं आणि खाली रबराचा ठोकळा निघाला, तसाच, नवा. फटीतून खालचं पाणी दिसलं. मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसलो, आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही, छाती फुटली नाही, काही नाही. नुसतं रिकामं वाटलं, मीनाचं कपाट आवरून झाल्यावर वाटलं होतं तसं. फटीवर लोखंडी पत्रा टाकला, रिक्षा-स्कूटर जायला. पत्र्यावर चाक चढताना आणि उतरताना जो दणका बसतो तो सांध्याच्या दुप्पट.

साडेअकराला पलीकडून एक रिक्षा आली. डोंगरपाड्यावरची माणसं. मागच्या सीटवर एक बाई आडवी, डोक्याला गच्च फडकं बांधलेलं, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन नवरा, अंगात नुसता बनियन. त्या बाजूचे चार सांधे कळलेही नाहीत त्यांना. तिसऱ्यावर पत्रा आला, आणि ती ओरडली. मीना कधी ओरडली नव्हती, म्हणून तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रिक्षा थांबली. नवरा अर्धा बाहेर आला. "काय करताय रं? चांगला व्हता ना पूल! कशाला फोडलाव?" मी जवळ गेलो. त्याने रिक्षाच्या दांडीवर हात आपटला. "तुजी बायको असती ना हितं, मंग समाजलं असतं तुला!" सुदामने मान खाली घातली. मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? मग म्हटलं, "त्यांची मान तळव्यावर घ्या. मांडीवर नको, मांडीतून धक्का लागतो. गुडघ्यांखाली काहीतरी द्या. आज पुढचे दोन भरलेले आहेत, काही होणार नाही. पण पुढच्या वेळी याल तेव्हा सातही उघडे असतील. सांधा यायच्या आधी त्यांना सांगत जा. सांगितलं की थोडं कमी लागतं." तो ऐकत होता की नाही कोण जाणे. "भिके, दम धर," बायकोला म्हणाला, आणि तिची मान खरंच तळव्यावर घेतली, अगदी अलगद, पुरुषांना सहसा येत नाही तशी. मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, आता रागाने नाही, "पर कशाला फोडताव?" मी म्हटलं, "नाही फोडलं तर पूल पडेल, भाऊ. भूकंप आला तर." त्याने मागे वळून पुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडेच बघत होता.

"पडू दे," तो म्हणाला.

मी पत्र्यावरून बाजूला झालो, रिक्षावाल्याला म्हटलं, हळू घे. रिक्षा पुढे गेली, सरळ, गुळगुळीत, न आपटता, आणि पुलावरून उतरली. मी ती चढणीपलीकडे जाईपर्यंत बघत होतो. मग सुदामला चौथ्या सांध्याकडे हात केला, आणि त्याने मशीन चालू केलं.